खांदा दुखतोय, डंबेल्स वाढवू का?

प्रश्न : ताई, नऊ वर्षांपूर्वी मणक्याला मार लागला. कमरेखाली हालचाल नाही. व्हीलचेअर मीच चालवतो, पलंगावरून खुर्चीतही मीच येतो. चार महिन्यांपासून उजवा खांदा ठणकतोय. त्या कुशीवर झोपता येत नाही, वरच्या फळीवरचं काही काढताना कळ येते. मित्र म्हणतो, स्नायू कमी पडतायत, डंबेल्स वाढव. वाढवू का? हात थांबला तर घरच्यांवर ओझं होईन, याची धास्ती वाटते.

उत्तर : नका वाढवू. तुमची धास्ती मला कळते. म्हणूनच हा खांदा आत्ता जपायला हवा.

तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण ही लक्षणं बहुधा रोटेटर कफची, म्हणजे खांद्याचा गोळा जागेवर धरणाऱ्या स्नायूंची. खांद्याची खोबण उथळ असते. हात चहूकडे फिरावा म्हणून ती तशी आहे, अंगाचा भार पेलण्यासाठी नाही. नऊ वर्षं तुम्ही त्याच्याकडून पायाचं काम करून घेताय.

बेडसोअर होऊ नये म्हणून दोन्ही हातांवर अंग उचलता ना? ते आधी बंद करा. तेव्हा गोळा वर सरकतो आणि हाडांमधला स्नायुबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, चेपला जातो. शिवाय तसं उचलून धरता येतं काही सेकंदच. दबलेल्या त्वचेत रक्त नीट परतायला दोनेक मिनिटं लागतात. त्यापेक्षा पुढे वाका, छाती मांड्यांकडे न्या आणि तेवढा वेळ तसेच राहा. तोल जात असेल तर टेबलावर कोपरं टेका.

पलंगावरून येताना हात लांब टाकू नका, अंगाजवळ ठेवा. पलंग आणि खुर्ची एका उंचीला आणा, ट्रान्सफर बोर्ड, म्हणजे दोन्हींच्या मध्ये टेकवून वरून सरकायची फळी, वापरा. बोर्ड घेतला म्हणजे आपण हरलो असं अनेकांना वाटतं. मला ते ऐकून फार वाईट वाटतं.

आता खुर्ची. सरळ बसून हात सैल सोडा. मधल्या बोटाचं टोक चाकाच्या आसापाशी यायला हवं. आस फार मागे असेल तर दर ढकलीला खांदा मागे ओढला जातो. आस पुढे घेतला की खुर्ची मागे कलंडू शकते, म्हणून हा बदल थेरपिस्टसमोरच, थोडाथोडा करा. ढकल लांब आणि संथ हवी. मग हात चाकाच्या ढकलायच्या कड्याखालून मागे येऊ द्या. टायरमधली हवाही बघा.

व्यायाम लागेलच, पण तो पाठीकडच्या स्नायूंचा, रबर बँडने, कळ न येता. ढकलून ढकलून पुढचे स्नायू आधीच दणकट झालेले असतात.

एक मात्र टाळू नका. हाताला नव्याने मुंग्या आल्या, पकड सुटू लागली किंवा बधिरपणा वर चढतोय असं वाटलं, तर लगेच डॉक्टरांकडे जा. मार लागून वर्षं लोटल्यावरही मज्जारज्जूत पाण्याची पोकळी होऊ शकते, ती एमआरआयमध्ये दिसते.

पलंगाची आणि खुर्चीच्या बैठकीची उंची मोजून मला कळवा.