मंडीभाव पाच रुपयांत

प्रश्न : माझा भाचा समाजकार्याच्या पदवीसाठी मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याच्या ‘ज्ञानदूत’ या गावोगावच्या संगणक-जाळ्यावर प्रबंध लिहितो आहे. त्या काळी फोनच्या बिलाच्या धास्तीने आम्ही शहरातले लोक नेट पटकन बंद करायचो. मग खेड्यात ते परवडलं कसं?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, तेव्हा मी इंदूरहून धारच्या बाजूला मोडेम दुरुस्तीला जात असे, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. ज्ञानदूत २००० सालच्या जानेवारीत सुरू झालं. गावच्या सूचनालयातून, म्हणजे माहिती देणाऱ्या संगणक-केंद्रातून, फोन लागायचा तो धारला, जिल्हा पंचायतीतल्या सर्व्हरला. इंदूर-भोपाळला एसटीडी, म्हणजे लांबचा महागडा कॉल, लावायची गरज नव्हती.

पण खरी बचत एका वेळी मागवायची माहिती थोडी असल्यामुळे व्हायची. मंडीभावाचं पान पाच केबीचं धरा. ३३.६ केबीपीएसच्या (सेकंदाला ३३.६ हजार बिट) मोडेमवर ते दोनेक सेकंदांत उतरतं. त्याआधी तो किरकिरत जोडणी करणार, त्यालाच अर्धा मिनिट! पैसा जायचा तो लाइन धरून बसण्यात. म्हणून मी सूचकांना, म्हणजे सूचनालय चालवणाऱ्या पोरांना, सांगायचो, लोकांना काय हवंय ते आधी वहीत उतरवून घ्या, चार-पाच कामं जमली की एकदाच डायल करा. मंडीभाव विचारायला पाच रुपये पडत. सूचकाला पगार नव्हता, मिळकत या शुल्कातूनच, त्यामुळे एकेक कॉल त्याला खुपायचा.

बिलापेक्षा मला जास्त छळलं ते तारेनं. कुक्षीकडच्या एका गावात परतीच्या पावसात जोडणीचा वेग २८.८ केबीपीएसवरून ९.६वर आला, मग जोडणी लागेचना. मोडेमचा स्पीकर चालू ठेवून ऐकलं तर नुसती खरखर. खांबावरचा जॉइंट ओला झाला होता. तो दुरुस्त व्हायला अकरा दिवस लागले. सूचक वही उघडून माझ्यासमोर बसला होता, तीत सहा शेतकऱ्यांची नावं, सगळ्यांचं सोयाबीन घरात येऊन पडलेलं. दोघं भाव न कळताच मंडीत गेले. त्या पोराचा उतरलेला चेहरा मी विसरलेलो नाही. ढग गडगडले की फोनची पिन काढायची, नाहीतर मोडेम जळतो, हे मी त्याला शिकवून आलो होतो. ओल्या जॉइंटपुढे मात्र तो काय करणार?

तेव्हा भाच्याला सांगा, खर्चाचे आकडे काढच, पण जुन्या सूचकांना भेटून लाइन किती दिवस बंद असायची, वीज किती तास असायची, तेही विचार. त्या वह्या कुणी जपून ठेवल्या असतील, तर आधी त्या बघ.