नावं दिली तर माझं नाव फुटेल का?

टीबीचं निदान झालेल्या माणसाला मी पहिल्याच भेटीत विचारते, "घरात कोण कोण असतं?" त्यावर हमखास उलटा प्रश्न येतो, "मॅडम, नावं दिली तर माझं नाव फुटणार नाही ना?"

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावरच्या खलाशानेही हेच विचारलं. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) त्याने तीन नावं दिली: आई, बायको, तीन वर्षांचा मुलगा. तिघांची तपासणी झाली. कुणालाच टीबी नव्हता, म्हणून प्रतिबंधक औषध सुरू झालं. मुलाची मला जास्त काळजी होती, कारण पाच वर्षांखालच्या पोरांत हा आजार मेंदूपर्यंत जाऊ शकतो. फॉर्म पूर्ण झाला असं समजून मी तो बाजूला ठेवला. तिथेच चुकले.

पुढच्या भेटीत सहज विचारलं, "घरी किती रात्री झोपता?"

"हंगामात? महिन्यातून चार-पाच."

बाकीच्या रात्री ट्रॉलरवर. दार लावलेल्या केबिनमध्ये सात जण खेटून झोपायचे. टीबी पसरतो तो खोकल्यातून, हवेतून, तोही अशाच कोंदट जागेत. इकडे बायकोने त्याचं ताट-पेला वेगळा केला होता. त्याची काहीच गरज नव्हती. आणि त्या सहा जणांबद्दल मी विचारलंच नव्हतं.

तो खाली बघत म्हणाला, "तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) कळलं तर पुढच्या हंगामाला मला कोण घेणार?"

ही भीती खरी आहे. रुग्णाचं नाव आम्ही कुणालाही सांगत नाही. पण सात माणसांच्या बोटीत लोक अंदाज बांधतात, हेही मी त्याच्यापासून लपवलं नाही. खोटा दिलासा देऊन मिळवलेली नावं मला नको होती. औषधं नियमित घेतली की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप कमी होतो, हे सांगितलं. तो दोन दिवसांनी परत आला. सहाही नावं घेऊन.

मे संपत आला होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढल्या की खलाशी पांगतात, काही थेट नेपाळला जातात. म्हणून एकाच बोटीला न बोलावता जेट्टीवर सगळ्या बोटींसाठी तपासणी ठेवली, हातात मावणारं एक्स-रे मशीन आणून. कुणामुळे, हा प्रश्नच उरला नाही.

त्याच्या बोटीवरच्या एकाच्या फुफ्फुसात डाग दिसला, थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला. त्याला खोकला नव्हता, तापही नव्हता. नुसत्या लक्षणांवर विसंबलो असतो तर तो तसाच घरी गेला असता. त्याचे सहा महिन्यांचे उपचार सुरू झालेत. चौघांना आजार नाही, त्यांना प्रतिबंधक औषध दिलंय.

सहावा आधीच नेपाळला गेला होता. त्याचा फोन अजून लागत नाही. "ऑगस्टला तो बोटीवर आला की पहिला फोन तुम्हाला करतो," असं आमच्या रुग्णाने आपणहून सांगितलंय.