कंबरदुखीसाठी मानसोपचार कशाला?

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे, वय ४०. आहाराचं पोतं उचलताना कंबरेत उसण भरली, त्याला आठ महिने झाले. पायात मुंग्या किंवा बधिरपणा नाही, पण एमआरआयमध्ये चकती फुगल्याचं निघालं. तेव्हापासून मी वाकतच नाही, दिवसभर पट्टा लावते. आता डॉक्टर म्हणतात, मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा. सासूबाई म्हणाल्या, "बघ, मनाचंच होतं सगळं!" मी खोटं दुखणं सांगतेय का?

उत्तर : नाही हो ताई. तुमची कंबर खरंच दुखते आहे.

'मनाचं आहे' हा शिक्का मारण्याची खोड जुनी आहे. ग्लासगोचे अस्थिशल्यचिकित्सक गॉर्डन वॉडेल यांनी १९८० साली कंबर तपासताना पाहायच्या काही खुणा सांगितल्या. कोणत्या रुग्णाकडे शरीरापलीकडेही लक्ष द्यायला हवं, हे त्यांतून कळावं एवढाच हेतू. पण लोक त्या ढोंग पकडायला वापरू लागले. तो त्यांचा अर्थच नव्हे, हे वॉडेलना पुन्हा लिहून सांगावं लागलं.

तुमच्या रिपोर्टचं म्हणाल, तर कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या जवळपास निम्म्या लोकांची चकती फुगलेलीच होती!

तुमच्या पत्रात मला जास्त खुपलं ते 'वाकतच नाही'. पुन्हा लचक भरेल या धास्तीनं हालचाल बंद होते, स्नायू ढिले पडतात, झोप उडते. मग मज्जासंस्था इतकी हळवी होते की जरा वाकलं तरी कळ येते, आणि धास्ती आणखी घट्ट बसते. मानसोपचारतज्ज्ञ नेमकी ही गाठ सोडवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामाबरोबर मानसोपचारही आहेत. कंबरपट्टा मात्र सरसकट लावू नये, असं त्यांत म्हटलंय.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी खुर्चीत बसूनच पुढे वाकायला लावते, हात गुडघ्यांवरून घोट्यांकडे नेत. मग उभ्यानं रिकामी बादली, नंतर अर्धी भरलेली. थोडं दुखेल, त्यानं इजा होत नाही. तुम्ही हे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू करा.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप किंवा विनाकारण घटणारं वजनही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि पुढच्या भेटीला सासूबाईंना सोबत न्या. हे सगळं त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या.