तलाठी कार्यालयात कामही होत नाही आणि वर अपमान होतो. तक्रार कुठे आणि कशी करावी?

आधी तोंडी भांडणं बंद करा. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंदीसाठी आम्ही अर्ज दिला. आम्ही तिघी बहिणी, एक भाऊ. तलाठी म्हणाले, "आधी मुलींची हक्कसोडपत्रं आणा, मग नोंद धरतो." असा नियमच नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी वडिलांची पहिल्या वर्गातली वारस आहे. हक्क सोडायचा की नाही हे नंतर तिचं ती ठरवेल. मी हे बोलले तर शेजारचा कारकून हसला, "ताई, माहेर तोडायचंय का?" चुलते त्याच्याच बाजूने! "अर्जबिर्ज कशाला, साहेब आपल्या ओळखीचे आहेत, सह्या करून मोकळ्या व्हा." भाऊ गप्प.

मी तहसीलदारांकडे अर्ज टाकला. मागणी एकच: हक्कसोडपत्र कोणत्या नियमाने मागितलं ते लेखी कळवा. माहेरावरचा टोमणा शेवटच्या ओळीत लिहिला, कारण नुसत्या वागणुकीची तक्रार कोणी मनावर घेत नाही. सोबत 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात माझ्या अर्जावरच्या शेऱ्यांच्या प्रती मागितल्या. त्याला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तराआधी वारस नोंदीची नोटीसच निघाली आणि मंडळ अधिकाऱ्यांनी चौघांच्या नावाने नोंद प्रमाणित केली. तलाठ्यावर कारवाई मात्र शून्य. तुम्हीही तशी आशा धरू नका.

तहसीलदारांनी ऐकलं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांचा तक्रारी ऐकायचा लोकशाही दिन आहे, पुढे सरकारी कारभाराच्या तक्रारी पाहणारे लोकायुक्त. फाइल नुसतीच पडून असेल तर 2005 चा दप्तर दिरंगाईचा कायदा अर्जात लिहा. एका टेबलावर सात कामाच्या दिवसांहून जास्त फाइल ठेवता येत नाही.

हो, हे राहिलंच: नोंदीवर कोणी हरकत घेतली असेल तर तक्रारीचा उपयोग नाही, सुनावणीला उभं राहावं लागतं. निकाल विरुद्ध गेला तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, तेही मुदतीत. आणि लोकायुक्तांकडे गाऱ्हाणं वर्षाच्या आत गेलं पाहिजे.

चुलते अजून म्हणतात, ओळखीने आठवड्यात काम झालं असतं. झालं असतं की! फक्त त्या नोंदीत आम्हा तिघींची नावं नसती.