एस्टोनियातला बघायलाच हवा असा नट कोण?

नाटक आणि सिनेमा दोन्हींत मोठं काम केलेला एस्टोनियन नट कोण आणि त्याचं काय बघावं, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: युरी यार्वेत. नाव नवीन वाटलं तरी चेहरा कदाचित पाहिला असेल. रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीच्या 'सोलारिस'मध्ये (1972) अंतराळस्थानकावरचा तो दमलेला, तिरकस बोलणारा शास्त्रज्ञ स्नाउट आठवतोय? स्वतःच्याच वाढदिवसाला उशिरा पोचतो, कोटाची बाही फाटलेली, आणि बोलता बोलता अख्ख्या सिनेमाचं मर्म सांगून जातो.

फक्त तो आवाज त्याचा नाही. सिनेमा रशियन, यार्वेतच्या रशियन बोलण्यावर एस्टोनियन छाप, त्यामुळे तिथे दुसऱ्या नटाचा आवाज वापरलाय. यातली गंमत त्याच्या जन्माच्या दाखल्यात आहे. 18 जून 1919 ला एस्टोनियाच्या राजधानीत, तालिनमध्ये जन्मला तेव्हा त्याचं नाव होतं गेओर्गी कुझ्नेत्सोव, म्हणजे पक्कं रशियन. 1938 साली त्याने ते बदलून युरी यार्वेत केलं. त्या दशकात तिथे अनेक लोक परकी नावं टाकून एस्टोनियन नावं घेत होते. दोनच वर्षांनी देश सोव्हिएत संघाने गिळला, मग युद्ध. नाट्यशिक्षण संपवून तो बाहेर पडला 1949 साली, तिशीत. पुढे तालिनच्या एस्टोनियन ड्रामा थिएटरमध्ये बरीच वर्षं काढली. पडद्यावर खरं नाव झालं ते मात्र पन्नाशीला टेकल्यावर.

ते नाव मिळवून देणारा सिनेमा म्हणजे दिग्दर्शक कोझिन्त्सेवचा 'किंग लिअर' (1971), शेक्सपिअरच्या नाटकावरचा. रशियन भाषांतर कवी पास्तरनाकचं, संगीत संगीतकार शोस्ताकोविचचं. यार्वेतला आधी एका किरकोळ भूमिकेसाठी पाहिलं होतं, आणि त्यातून दिग्दर्शकाला त्याचा राजाच सापडला. आपल्याकडे लिअर म्हटलं की 'नटसम्राट' आणि डॉ. लागूंचा तो भारदस्त आवाज कानात घुमतो. यार्वेत बरोबर उलटा. लहान चणीचा, बारकुडा, पांढरे विस्कटलेले केस, आणि सगळा जीव डोळ्यांत. पहिल्याच प्रवेशात तो आत येतो तो हसत, विदूषकाशी खेळत, हातात मुखवटा. राज्याची वाटणी व्हायची आहे आणि म्हाताऱ्याला मजा सुचतेय! म्हणूनच पुढे त्याचा संताप भडकतो तेव्हा जास्त भीती वाटते, कारण हा माणूस शरीराने कुणालाच घाबरवू शकत नाही, इतकी वर्षं फक्त त्याचा हुकूम चालत होता. वादळातल्या प्रसंगात कॅमेरा त्याला उघड्या माळावर इतका छोटा दाखवतो की शोधावा लागतो. इथेही रशियन आवाज झिनोवी गेर्दत या नटाचा. मला विचाराल तर डबिंगने फारसं काही बिघडत नाही, त्या चेहऱ्यावर सगळं वाचता येतं.

त्या सिनेमात बाल्टिक नटांचा भरणाच आहे: बनियोनिस, अदोमाइतिस, बुद्राइतिस हे लिथुआनियाचे, गॉनेरिल झालेली एल्झा राद्झिन्या लाटवियाची. सोव्हिएत सिनेमाला 'परदेशी' चेहरा हवा असला की बाल्टिककडे बघायची सवयच होती. बरेचदा त्यांच्या वाट्याला जर्मन अधिकाऱ्यांचे साचेबंद रोल यायचे.

यार्वेतनेही असा जर्मन केला, पण साच्यातला नव्हे. काल्यो कीस्कचा 'हुल्लुमेल्सुस' (1968), म्हणजे 'वेडेपणा'. मनोरुग्णालयातल्या सगळ्या रुग्णांना ठार मारायचं ठरलंय, तेवढ्यात त्यांच्यात एक शत्रूचा हेर लपलाय अशी खबर येते. विंडिश नावाचा गेस्टापो (नाझींचे गुप्त पोलीस) अधिकारी, म्हणजे यार्वेत, त्याला शोधायला येतो आणि एकेकाला तपासता तपासता त्याचंच डोकं ठिकाणावर राहत नाही. नाझींचा सिनेमा म्हणून काढलेला, पण हुकूमशाही कुणाची हे सेन्सॉरला बरोबर कळलं. एस्टोनियाबाहेर तो दाखवू दिला नाही. इथे संवाद एस्टोनियन आहेत, म्हणून सुरुवात इथूनच करा असं मी म्हणेन. विंडिश कधी गोड बोलतो, कधी कुजबुजतो, आणि नेमका कुठल्या क्षणी तो घसरला हे मला अजून बोट ठेवून दाखवता येत नाही.

'लिअर' त्यानंतर बघा. जड वाटलं तर मध्ये क्रोमानोव्हचा 'हुक्कुनुद अल्पिनिस्ती होटेल' (1979), म्हणजे 'मेलेल्या गिर्यारोहकाचं हॉटेल' आहे, स्त्रुगात्स्की बंधू या रशियन विज्ञानकथाकारांच्या कादंबरीवरचा. त्यात यार्वेत बर्फाने वेढलेल्या हॉटेलचा मालक आहे. भूमिका मोठी नाही, सिनेमा मात्र झकास आहे.

1975 साली त्याला सोव्हिएत संघाचा 'पीपल्स आर्टिस्ट' किताब मिळाला. एस्टोनिया 1991 साली पुन्हा स्वतंत्र झाला तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. जुलै 1995 मध्ये तालिनमध्येच वारला.