नाभी म्हणजे चाकाचा तुंबा

प्रश्न असा आला आहे : दहावीच्या मुलाला भिंगाचं सूत्र शिकवताना 'नाभीय अंतर' म्हणायचं की 'नाभीय लांबी'? आणि भिंगाला नाभी आली कुठून?

अंतर. 'लांबी' हल्ली शिकवण्यांमध्येही ऐकू येते आणि दर वेळी कानाला टोचते. लांबी दोरीची असते, पट्टीची असते. इथे भिंगाच्या प्रकाशीय केंद्रापासून, म्हणजे मध्यबिंदूपासून, समांतर आलेले किरण एकवटतात त्या बिंदूपर्यंत (तीच नाभी, इंग्रजीत फोकस) नुसती मोकळी हवा आहे. ५० मिलिमीटरची लेन्स म्हणजे तेवढ्या लांबीची नळी, असं समजणारे लोक भेटतात ते या 'लांबी'मुळेच. जर्मन लोक 'ब्रेनवाइटं' म्हणतात. त्यातलं 'वाइटं' म्हणजे अंतरच, आणि 'ब्रेन' म्हणजे जळणं.

जळणं का, ते बघा. 'फोकस' हा लॅटिन शब्द आहे, अर्थ चूल. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ मध्ये तो शंकुच्छेदांच्या, म्हणजे लंबवर्तुळासारख्या वक्रांच्या, खास बिंदूंना दिला आणि प्रकाशाचा विचार करूनच दिला. बहिर्गोल भिंग उन्हात धरा. भिंगाचं सूत्र १/व्ही − १/यू = १/एफ : यू म्हणजे वस्तूचं अंतर, व्ही प्रतिमेचं, एफ नाभीय अंतर. सूर्य इतका दूर की सूत्रातलं १/यू शून्याच्या घरात जातं, उरतं १/व्ही = १/एफ. म्हणजे कागदावर ठिपका सर्वांत बारीक होतो तिथपर्यंतचं अंतर हेच नाभीय अंतर, आणि कागद पेटतो तोही तिथेच. चूल ती हीच!

आता नाभी. 'नाभी म्हणजे बेंबी, बेंबी शरीराच्या मधोमध, म्हणून मधला बिंदू' हे स्पष्टीकरण मोठमोठे जाणकार देतात. ते साफ चूक आहे. हा बिंदू भिंगाच्या मधोमध असतो कुठे? तो तर भिंगाबाहेर असतो. संस्कृतात 'नाभि' म्हणजे चाकाचा तुंबासुद्धा, आरे जिथे येऊन बसतात तो मधला गोळा. मुंडक आणि प्रश्न, दोन्ही उपनिषदांत 'अरा इव रथनाभौ' आहे : रथाच्या तुंब्यात आरे येऊन मिळावेत तसं. जर्मनमध्येही तुंबा 'नाबे' आणि बेंबी 'नाबेल', एकाच घराण्यातले शब्द. त्यावर कळस म्हणजे लॅटिन 'राडिउस'. त्याचा एक अर्थ चाकाचा आरा, दुसरा प्रकाशाचा किरण! किरण म्हणजे आरे, मग ते मिळतात ती नाभीच. माझ्या मते हा शब्द 'फोकस'पेक्षा सरस आहे. चूल फक्त उष्णता सांगते, नाभी किरणांची रचना डोळ्यांपुढे उभी करते.

'केंद्रांतर' हा शब्द वापरणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे. एकाच आकृतीत प्रकाशीय केंद्र, दोन वक्रताकेंद्रं (भिंगाचे दोन पृष्ठभाग ज्या गोलांचे भाग असतात त्यांची केंद्रं), आणि वर हे चौथं केंद्र? पोराने कुठून कुठवर मोजायचं? 'नाभ्यंतर' मात्र मला आवडतं. संधी शुद्ध आहे आणि शब्द आटोपशीर आहे. पण पाठ्यपुस्तकात 'नाभीय अंतर' आहे, परीक्षेत तेच लिहू द्या.

आणि हो, गणित. मेणबत्ती भिंगापुढे ३० सेंटिमीटरवर, पडद्यावरची प्रतिमा पलीकडे १५ वर. वस्तूचं अंतर उणे ३० घ्यायचं. १/१५ − १/(−३०) = ३/३०, म्हणून नाभीय अंतर १० सेंटिमीटर. उणे विसरलात तर उत्तर ३० येईल, म्हणजे मेणबत्तीच नाभीवर बसेल, आणि मग पडद्यावर प्रतिमाच उमटणार नाही.