पहिल्याच आरईटीला प्रोसेसर हरवतो

प्रश्न: सर, जुन्या पॅकिंग मशीनचं झेड८० प्रोसेसरवालं बोर्ड रिपेरला आलंय, सर्किट डायग्राम नाही. ३२ चॅनलचा लॉजिक अॅनालायझर (बसवरचे सिग्नल टिपणारं यंत्र) लावून डिसअसेंबलर (टिपलेल्या बाइटच्या इन्स्ट्रक्शन करून दाखवणारा प्रोग्रॅम) चालू केला. रिसेटनंतर ०००० वरून ००४० ला जंप (आकडे हेक्समध्ये), स्टॅक पॉइंटर (परतीचे पत्ते रॅममध्ये कुठे ठेवायचे ते दाखवणारा) ८८००, मग ००४३ ला कॉल (सबरूटीनला जाणं), सगळं बरोबर, आणि पहिला आरईटी (कॉलवरून परत फिरणं) आला की पुढे नुसती आरएसटी ३८ (००३८ ला कॉल करणारी इन्स्ट्रक्शन) ची रांग, संपतच नाही. सीपीयू बदलला, ईप्रॉम (प्रोग्रॅमची चिप) दुसरी लावली, तेच. डिसअसेंबलर चुकतोय का?
– एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर: नाही हो, तो बिचारा बसवर दिसेल तेच वाचून दाखवतो. सीपीयू उगाच बदललात. तुम्ही बहुतेक फक्त इन्स्ट्रक्शनच्या ओळी बघताय, मेमरी रीड-राइटच्या ओळी लपवल्यात, सगळेच लपवतात, लिस्ट सुटसुटीत दिसते म्हणून. त्या उघडा. आणि सँपलिंग फक्त आरडीच्या (वाचण्याच्या सिग्नलच्या) कडेवर ठेवलं असेल तर डब्ल्यूआरची (लिहिण्याच्या सिग्नलची) कडही घ्या, नाहीतर लिहिलेलं काही दिसणारच नाही.

आता कॉलपाशी बघा. परतीचा पत्ता ००४६, म्हणजे ८७एफएफ वर ०० आणि ८७एफई वर ४६ लिहिलेलं दिसेल. आरईटीला तेच दोन बाइट परत यायला हवेत, उलट्या क्रमाने. माझा अंदाज, तिथे दोन्ही वेळा एफएफ येतंय. रॅम बोललीच नाही की मोकळ्या बसवर पुलअपमुळे (तारा वर खेचून ठेवणाऱ्या रेझिस्टरमुळे) एफएफच वाचलं जातं, मग सीपीयू निघाला एफएफएफएफ ला, तिथेही एफएफ, आणि एफएफ म्हणजेच आरएसटी ३८. ईप्रॉममध्ये ००३८ ची जागा कोरी असणार, कोरी म्हणजे परत एफएफ, झालं, बसला गोल फिरत.

रॅम ६११६ असेल तर तिची १८ नंबरची पिन चिप सिलेक्ट, उरलेलं एखादं चॅनल तिथे लावा. ८७एफएफ वर लिहिताना ती खाली जात नसेल तर मागे डिकोडरपर्यंत (पत्त्यावरून चिप निवडणाऱ्या आयसीपर्यंत) जा, ७४एलएस१३८ असेल बहुधा. जात असेल तर २० (वाचण्याची) आणि २१ (लिहिण्याची) पिन बघा, त्याही ठीक असतील तर रॅम गेली. पण आधी सॉकेट बघाच. रबाळ्याच्या एका बोर्डावर मी दोन दिवस घालवले आणि शेवटी आयसीचा एक पाय सॉकेटबाहेर दुमडलेला निघाला, वरून दिसतच नव्हता!

प्रश्न: ८०८६ प्रोसेसरवर जंपच्या पुढच्या इन्स्ट्रक्शनपण लिस्टमध्ये येतात. त्या चालल्या का?
– विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर: नाही, नुसत्या आणून ठेवल्या. ८०८६ सहा बाइटपर्यंत आगाऊ उचलतो (८०८८ चार), जंप झाला की ते फेकून देतो. मॅक्सिमम मोड असेल तर क्यूएस० आणि क्यूएस१ पण जोड, रांगेतून काय उचललं आणि रांग कधी रिकामी केली ते त्यावरून कळतं.